डावीकडे ठेवलेलं पेन

माझ्या वहिनीला पगार मिळतो तो घर विस्कटण्याचा. थट्टा करत नाही, खरंच सांगते. दुनियेतल्या बायका सकाळी उठून पसारा आवरतात, आणि आमची ही बया सकाळी उठून चढ चढून पसारा घालायला जाते. तोही दुसऱ्याच्या घरात, आणि ज्याचं घर तो माणूस कधीच गेलेला.

ते घर लेखकरावांचं. तळ्याच्या वरच्या अंगाला आहे. खाली फाटकाशी तिकिटाची खिडकी आहे, त्या खिडकीत मी बसते. लेखकराव म्हणजे आमच्या सगळ्या खोऱ्याचे अन्नदाते म्हणा ना. त्यांनी इथल्या डोंगरांवर, तळ्यावर, धुक्यावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, आणि ती वाचून वेडे झालेले लोक लांबलांबून इथे येतात. आल्या आल्या विचारतात, "ती दोघं भेटायची ते झाड कुठंय?" आता ते झाड दोनदा पडलं. सध्या उभं आहे ते तिसरं, आणि जातही निराळी. पण लोक त्याला मिठी मारून रडतात, मग आपण कशाला मध्ये तोंड घालायचं! फाटकाशेजारी एक टपरी आहे, तिच्यावर पाटी आहे 'पुस्तकातला चहा'. पुस्तकात कोणी चहा पीतच नाही म्हणे. मीही एकदा त्यांचं एक पुस्तक वाचायला घेतलं होतं. पानांमागून पानं नुसतं धुकं. म्हटलं, धुकं मला खिडकीतून फुकट दिसतं, त्यासाठी डोळे कशाला फोडून घ्यायचे!

तर हे लेखकराव एके दुपारी चहा घेऊन तळ्याकडे फिरायला म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. काठी नाही, टोपी नाही, काही म्हणून सापडलं नाही. मग त्यांची लिहिण्याची खोली होती तशीच ठेवायची असं विश्वस्तांनी ठरवलं. बोलायला सोपं आहे. खोली तशीच ठेवली की तिच्यावर धूळ बसते, महिन्याभरात ती मेलेली दिसायला लागते. लोक येऊन डोकावले, नाक मुरडून गेले. तेव्हा लेखकरावांचा स्वैपाक करणाऱ्या काकूंनी शक्कल काढली. खोली 'तशीच' ठेवायची नाही, साहेब 'आत्ताच उठून गेलेत' अशी ठेवायची. रोज, नव्याने.

काकू थकल्या तेव्हा त्यांनी हे काम माझ्या वहिनीच्या हातात दिलं. वहिनी तेव्हा नवी नवरी होती. कमी बोलायची, बघायची फार. काकूंना तेच हवं होतं.

हे काम म्हणजे पोरखेळ वाटेल, पण नाही हो. मी एकदा करून बघितलं तर खोलीत चोर शिरल्यासारखं दिसायला लागलं. वहिनी करते ते बघत राहावं. खुर्ची सरळ मागे ढकलायची नाही, जरा तिरकी फिरवायची, कारण लेखकरावांचा एक गुडघा दुखायचा आणि ते एका अंगाने उठायचे. गादीवर आधी मूठ दाबायची, मग कोपरापासून हात. शालीचं एक टोक खुर्चीच्या हातावर, दुसरं जमिनीकडे घसरत चाललेलं. पुस्तक पालथं. खिडकीचं एकच दार उघडं. आणि चहा. लेखकराव चहाचा थेंबही ठेवायचे नाहीत, काकू सांगायच्या. "साहेबांनी प्यालेला कप उपडा केला तरी बशी कोरडी." म्हणून वहिनी रोज त्या कपात चहा ओतते, स्वतः शेवटच्या थेंबापर्यंत पिते, आणि कोमट रिकामा कप टेबलावर ठेवते. मी चिडवायची, "वहिनी, चैन आहे बाई तुझी! आम्हाला टपरीवर उधारी आणि तुला लेखकरावांच्या कपात चहा."

आणि आज जे होतं ते उद्या करायचं नाही. काकूंचा नियम. माणूस रोज एकसारखा उठत नाही.

पण काकूंनी शिकवलेली मुख्य गोष्ट निराळीच होती. सगळं मांडून झालं की एक खोट ठेवायची. एकच, पण न चुकता. लेखकराव उजव्या हाताने लिहायचे. तरी पेन ठेवायचं ते कागदाच्या डाव्या बाजूला, निब डावीकडे करून. बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. वहिनीने तेव्हा विचारलं होतं, कशाला? काकू म्हणाल्या, "पोरी, खोली भोळी असते. सगळं बरोबर मांडलंस तर तिला खरंच वाटतं की माणूस आहे. मग ती माणूस आणून बसवते. कुठला आणेल, सांगता येत नाही. म्हणून तिला रोज सांगायचं, बाई गं, हे खोटं आहे."

हे वहिनीने मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. माझा दादाही हसला होता. तो तर म्हणाला, "मग उद्या एक दिवस पेन उजवीकडे ठेव की. म्हातारा येऊ दे. पाहुण्यांना मी जास्तीची गोष्ट सांगेन."

दादाबद्दल सांगायला हवं. माझा एकुलता एक भाऊ, वहिनीचा नवरा, नंबर एकचा बोलघेवडा. लेखकरावांच्या पुस्तकांतल्या वाटा पाहुण्यांना हिंडून दाखवायचा. पुस्तक एकही वाचलं नव्हतं, पण "इथेच तिने मागे वळून पाहिलं" असं तो ज्या आवाजात म्हणायचा, त्याने भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला तो मिरची म्हणायचा. त्याचं ऐकून वहिनी 'मिरचे' म्हणायला लागली, आणि आता सगळी गल्ली म्हणते. माझं खरं नाव तिकिटाच्या खिडकीत कोणी विचारत नाही, बरंच आहे.

दादाला एक खोड होती. चहाचा शेवटचा घोट कपात ठेवायचा. लहानपणी आई ओरडायची, "कपात काय नशीब सोडतोस का रे?" पण सुटली नाही. लग्न झालं आणि तो घोट वहिनीचा झाला. तो कप खाली ठेवायचा, ती उचलायची आणि तेवढा घोट पिऊन टाकायची. दोघं एकमेकांकडे बघायचीसुद्धा नाहीत. मी समोर बसलेली असायची, मला मात्र मेलं लाजायला व्हायचं.

एका दुपारी डोंगरावर धुकं उतरलं आणि पाहुण्यांतला एक जण खाली आलाच नाही. दादा चहा पीत बसला होता. हाक आली, तसा उठला, चपला खुर्चीपाशी काढल्या, बूट चढवले, "येतो" म्हणाला आणि गेला. ज्याला शोधायला गेला तो गृहस्थ मागच्या वाटेने आरामात उतरून टपरीवर बिस्किटं खात बसला होता. माझा भाऊ तेवढा आला नाही. किती दिवस शोधलं! दोर लावून लोक कड्यांत उतरले. पुढे शोधणारे कमी कमी होत गेले आणि मग थांबले. त्या बिस्किटं खाणाऱ्याचं तोंड मला अजून आठवतं. त्याचा काही दोष नाही, कळतं मला. तरी आठवतं.

वहिनी रडली नाही. मी छाती बडवून रडले, शेजारी रडले, ही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी चढ चढून कामावर गेली, खोली मांडली, दुपारी घरी आली.

मी गल्लीच्या पलीकडे राहते. एकदा दुपारी तिच्याकडे डोकावले. दादाची खुर्ची तिरकी. गादीवर बसल्याचा खळगा. खुर्चीपाशी चपला. आणि कपात चहा, वाफ निघणारा, जेमतेम एक घोट उरलेला. मी किंचाळलेच, "दादा आला?"

वहिनी आतून आली. माझं तोंड बघून तिला कळलं. म्हणाली, "नाही गं. मी मांडलंय."

मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. वेड लागलंय का, तो कप आधी धुऊन टाक, माणूस गेला त्याची ही काय थट्टा. जीभ माझी, तिला हाड नाही. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीपाशी बसली आणि चपलांकडे बोट केलं. "बघ."

डावी चप्पल उजवीकडे होती, उजवी डावीकडे.

"खोट ठेवलीय," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे ते नाहीत. पण दुपारी इतकं रिकामं वाटतं, मिरचे. हातांना हेच येतं." आणि तिने तो घोट पिऊन कप आत नेला.

त्या दिवसापासून माझी एक सवय झाली. रोज खिडकी बंद करून खाली उतरले की वहिनीच्या दारात उभी राहायची आणि आधी चपला बघायची. उलट्या असल्या की माझा जीव भांड्यात पडायचा. जोवर चपला उलट्या आहेत तोवर वहिनी शहाणी आहे, आपली आहे. ज्या दिवशी त्या सुलट दिसतील त्या दिवशी दादापाठोपाठ हीपण गेली असं समजायचं. तोंडाने मात्र रोज एकच म्हणायची, "धू गं तो कप." तीही रोज "उद्या" म्हणायची. अशी वर्षं गेली.

मग नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. उलट लेखकरावांच्या पुस्तकांवर जीव ओवाळून टाकणारा. पहिल्या दिवशी खोली बघून उंबऱ्यावरच रडला बिचारा. वहिनीला म्हणाला, "बाई, तुमच्या हातात जादू आहे." पण एकदा पाहुण्यांतल्या एका बाईंनी त्यांना विचारलं, लेखक तर उजव्या हाताने लिहीत, मग पेन डावीकडे कसं? त्या बाईंच्या नजरेला सलाम! व्यवस्थापकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं चूक, आणि आपल्या देखत! वहिनीने त्यांना काकूंचं सांगितलं. ते हसले नाहीत, सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, श्रद्धा असते, मी समजू शकतो. पण हे त्यांचं स्मारक आहे. इथे खोटं नको." आणि स्वतःच्या हाताने पेन उचलून उजवीकडे ठेवलं.

वहिनीने मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "राहू दे गं. त्यांची खोली, त्यांचं पेन, आपल्या बापाचं काय जातंय?"

काहीतरी बिघडलंय हे मला पहिल्यांदा जाणवलं ते पाहुण्यांकडून. तिकीट काढून वर गेलेले लोक पटकन खाली यायला लागले. एक जोडपं आलं, म्हणालं, "आत कोणीतरी लिहीत बसलेत. आम्ही नंतर जातो." मला वाटलं व्यवस्थापकच बसले असतील. वर जाऊन पाहिलं तर खोली रिकामी. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ, चांगले धडधाकट, खाली येऊन माझ्याशी कुजबुजत बोलायला लागले. म्हटलं, "आजोबा, मोठ्याने बोला की." ते म्हणाले, "नको, त्यांना त्रास होईल." आणि मग स्वतःच दचकले. "मी असं का म्हणालो बरं?" मी वरच्या घराकडे पाहिलं. पण तिकिटं फाडत राहिले. करणार काय!

एका सकाळी व्यवस्थापक खुशीत खाली आले. म्हणाले, "बाईंना सांगा, ती ओल्या पावलांची कल्पना झकास! तळ्यावरून आल्यासारखी. अंगावर शहारा आला बघा."

मी वहिनीकडे पाहिलं. ती आत्ताच वरून उतरली होती. व्यवस्थापक गेल्यावर म्हणाली, "मी आज काहीच केलेलं नाही. गेले तेव्हा सगळं मांडलेलं होतं. खुर्ची, शाल, सगळं. कालच्याहून निराळं."

"आणि कप?"

"रिकामा. मी चहा केलाच नव्हता."

मी म्हटलं, आता ही नोकरी सोड. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती खाली आमच्या गल्लीकडे बघत होती, तिच्या घराच्या कौलांकडे. आणि तिच्या मनात काय आलंय ते मला असं लख्ख कळलं, की हातातली तिकिटं खाली पडली. खोट काढली की माणूस येतो. वर पेन सुलट झालं आणि कोणीतरी आलं. मग खाली चपला सुलट केल्या तर?

खोटं कशाला बोलू? तो विचार तिच्याआधी कदाचित माझ्याच मनात आला असेल. माझा भाऊ होता तो. एकदा, फक्त एकदा त्याने "मिरचे" म्हणून हाक मारावी यासाठी मी काय दिलं नसतं! पण वरच्या त्या ओल्या पावलांचं काय, हेही लगेच मनात आलं. आणि वहिनी माझ्यापासून दूर जाईल ही भीती सगळ्यांत मोठी. दादा गेल्यावर मला उरलं होतं कोण? हीच.

त्या दुपारी मी खिडकी अर्ध्यावर टाकून तिच्या घरी गेले. बाहेर आभाळ भरून आलं होतं, खोऱ्यात दिवे लावावे इतका अंधार. वहिनी दादाच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली होती. चहा मांडलेला. चपला तिच्या हातात, दोन हातांत दोन.

"ठेव खाली," मी म्हटलं. "आहेत तशा, उलट्या."

"सारखं तेच मनात येतंय," ती म्हणाली. "सकाळपासून."

"वहिनी, तुझ्या पाया पडते."

"ऐक तर. मी विचार केला. वर कोण आलंय? लेखकराव?"

"मला काय ठाऊक!"

"मलाही नाही. त्यांच्यासारखं बसणारं काहीतरी आलंय. त्यांच्यासारखा चहा पिणारं. खोलीने हाक मारली, जे जवळ होतं ते आलं." तिने चपला मांडीवर ठेवल्या. "मी या सुलट ठेवल्या तर येईल गं कोणीतरी. येईलच. पण मला कोणीतरी नकोय. मला तुझा दादा हवाय."

मी तिच्याजवळ बसले. तिने चपला खाली ठेवल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, खुर्चीपाशी. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच दारात व्यवस्थापक. धापा टाकत, चेहरा पांढराफटक. गल्लीत पहिल्यांदाच आले होते ते.

"बाई, जरा वर येता का?" म्हणाले. "मी खिडकी लावायला गेलो होतो. दार उघडलं आणि 'माफ करा' म्हणून बाहेर आलो." ते भिंतीला टेकले. "मी कोणाला माफ करा म्हणालो?"

वहिनीने पदराला हात पुसले. "चला." दादाचा चहा होता तसाच राहिला, कपात एक घोट शिल्लक. निघताना तिने दाराला बाहेरून कडी घातली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही चढ चढलो. व्यवस्थापक अंगणातच थांबले, म्हणाले मी इथे आहे, काही लागलं तर हाक मारा. वा रे वा, म्हटलं, पुरुषासारखा पुरुष! पण माझेही पाय काही फार पुढे पडत नव्हते.

खोलीच्या दाराशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. आत कोणी नव्हतं, हे आधी सांगते. डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच नव्हतं. पण आपण कोणाच्या तरी कामात व्यत्यय आणला की जे होतं तेच झालं. मी आपोआप एक पाऊल मागे घेतलं. खुर्ची टेबलाशी ओढलेली होती. वहिनीने माझ्या कानाशी म्हटलं, "गादी बघ." गादीवर मूठ दाबली की खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो, ते मला ठाऊक होतं. ही गादी दबलेली होती आणि दबलेलीच राहत होती.

वहिनी आत गेली. अशी गेली की जसं कोणाला चहा नेऊन द्यायचाय. टेबलापाशी थांबली. हात लांब करून, खुर्चीला लागणार नाही असा वळसा घालून, तिने उजवीकडचं पेन उचललं आणि डावीकडे ठेवलं. निब डावीकडे. आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई गं, हे खोटं आहे."

गादी वर आली. हळूहळू नाही, एकदम, उठल्यावर येते तशी.

मग फरशीवर ओलं पाऊल उमटलं. एक, मग दुसरं, एक पाय जरा ओढत. वहिनी भिंतीला चिकटली. मी दारातच होते. बाजूला व्हायला हवं हे कळत होतं, पण अंगच हलेना. पावलं माझ्याजवळून गेली, इतकी जवळून की गार ओलसर वास आला, तळ्याच्या काठी शेवाळात येतो तसा. "अगं आई गं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. पायऱ्यांवर ती पावलं दिसली, अंगणातल्या मातीत दिसेनाशी झाली. व्यवस्थापक तिथेच उभे होते. त्यांनी काही पाहिलं नाही. फक्त म्हणाले, गारठा पडलाय.

खोली रिकामी झाली होती. खरोखरची रिकामी. वहिनीने शाल उचलली, झटकली, परत टाकली. व्यवस्थापक उंबऱ्यापर्यंत आले, पेनाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तिथेच असू द्या, बाई." पुढे त्यांनी कधी त्याला हात लावला नाही.

उतारावर मी जरा धीट झाले. बडबडायला लागले, की झालं बाई, सुटलो. वहिनीही हसली थोडीशी. दाराची कडी होती तशीच होती. तिने काढली, दार ढकललं, आणि थांबली.

चपला सुलट होत्या.

डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, खुर्चीपुढे नीट, आत्ताच पायातून काढून ठेवल्यासारख्या. खुर्ची मागे सरकलेली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी तर तिच्याबरोबर होते, ती माझ्याबरोबर. दोघींपैकी कोणीही नाही.

"आले," वहिनी म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. लग्नातला चेहरा होता तो. ती आत धावली, मागच्या खोलीत गेली, न्हाणीत बघून आली, "अहो, अहो" म्हणत. आणि मी, घरात कोण असेल याची भीती वाटत असतानाही, सगळा जीव एकवटून ओरडले, "दादा!"

कोणी ओ दिली नाही.

मी खाली वाकले आणि चपलेला हात लावला. ओली होती. वरून नाही, आतून, जिथे तळवा टेकतो तिथे. माझा दादा डोंगरावर गेला होता. तळ्याकडे नव्हता गेला.

हे तिला कसं सांगू याचा विचार करत होते तोवर वहिनी टेबलापाशी गेली होती. तिने कप उचलला. आत पाहिलं. मग बशीवर उपडा केला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ धरला.

बशी कोरडी राहिली.

"ते नव्हते गं," ती म्हणाली. "माझा घोट ठेवला नाही."

आणि रडली. काय रडली म्हणून सांगू! खाली बसून, कप छातीशी धरून, लहान पोरासारखी, आवाज न आवरता. मी तिला धरून बसले. मध्येच म्हणाली, "ते असते तर ठेवला असता. येणार असते तर ठेवला असता." मग म्हणाली, "गेला तुझा दादा, मिरचे." ती हे वाक्य इतक्या वर्षांत कधीच बोलली नव्हती. मीच रोज बोलायची, आणि आता तिच्या तोंडून ऐकलं तर माझ्यानेच ऐकवेना.

रडणं ओसरल्यावर तिने दोन बोटांनी चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या. खुर्ची भिंतीला लावली. मग कप घेऊन मोरीकडे निघाली. रोज "धू गं तो कप, धू गं" म्हणून तिचं डोकं खाणारी मी, मीच पुढे झाले आणि तिचं मनगट पकडलं.

"राहू दे ना गं," मी म्हटलं. "आजचा दिवस."

"सोड, मिरचे," ती म्हणाली, अगदी मायेने.

मी सोडलं. तिने कप घासला, विसळला आणि फळीवर पालथा घातला.